सुनेसाठी ग्रीक गुरुजी

मुंबईला लोक नोकरीसाठी जातात, दवाखान्यासाठी जातात, साड्यांसाठी जातात. मी सुनेला घेऊन ग्रीक चर्चमधलं गाणं शिकवणारे गुरुजी शोधायला गेले होते. परत आल्यापासून मिरजेतल्या आमच्या भिशीच्या बायका "काय शैलाताई, मिळाले का गुरुजी?" म्हणून छळतायत. एकेकीला सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते, म्हणजे मीही मोकळी आणि त्याही.

आधी सुनेची ओळख. एलेनी ग्रीसमधल्या एका लहानशा बेटावरची. काही वर्षांपूर्वी मिरजेला तंबोरे करायला शिकायला आली आणि तंबोऱ्याबरोबर माझा मुलगाही घेऊन बसली. मराठी झकास बोलते, तेही आमच्याकडचं, "चला की", "बघा की" करत. मला आई म्हणते. मी तिला नावानेच हाक मारते, फक्त रागावले की "अगं बाई" म्हणते, म्हणजे दिवसातून चारदा. मी स्वतः तीस वर्षं मुलींच्या शाळेत गाणं शिकवलं. समोरच्याला अर्ध्यात तोडून त्याचा सूर सुधारायची खोड तिथलीच. निवृत्त मी झाले, खोड नाही झाली.

एलेनीचे बाबा त्यांच्या गावच्या चर्चमध्ये गायचे. पोटापाण्याला सुतारकाम, पण गावात कुणी गेलं की त्याच्यासाठी गायचं ते यांनीच. बायझंटाईन म्हणतात त्या गाण्याला. पेटी नाही, तबला नाही, नुसता गळा. गेल्या वर्षी ते गेले आणि त्याच आठवड्यात एलेनी आमच्याकडे बाळंत झाली. जाता आलं नाही. तिकडे सख्खं असं कुणी उरलेलं नव्हतं. गावात दुसरा गाणारा नव्हता, म्हणून तिथल्या म्हाताऱ्या फादरनी नुसतं वाचून उरकलं. ते कळल्यावरही पोरगी रडली नाही. नंतरही नाही. बाळाचं करायची, तंबोऱ्यांना पॉलिश करायची, हसायचीसुद्धा. मला त्याचीच जास्त भीती वाटायची.

वर्षश्राद्ध जवळ आलं. त्यांच्यातही असतं ते, चर्चमध्ये स्मरणाची प्रार्थना करतात. शोधता शोधता कळलं की त्यांच्या पंथाचे एक फादर मुंबईला येतायत आणि रविवारी परळला एका उसन्या हॉलमध्ये प्रार्थना आहे. एलेनीने फोन लावला. फादर म्हणाले, "जरूर करू. पण माझ्याबरोबर गाणारा नाही. कोणी शिकलेलं मिळालं तर आणा, नाहीतर मी वाचेन."

फोन ठेवून ती म्हणाली, "पुन्हा वाचून? आई, त्यांनी अख्ख्या गावासाठी गायलं. त्यांच्यासाठी दोन्ही वेळा नुसतं वाचणार?"

"मग तू गा की."

"मला कुणी शिकवलेलं नाही. बाबांच्या शेजारी उभी राहून नुसतं ऐकलंय. कुणीतरी शिकलेल्याने ऐकून बरोबर आहे म्हणायला पाहिजे. चुकीचं गायले तर ते वाचण्यापेक्षा वाईट."

ऑनलाईन एक गुरुजी सापडले होते, त्यांनी पाच वर्षांचा अभ्यासक्रम पाठवला. आमच्या हातात चार दिवस होते. एवढ्या मोठ्या मुंबईत एक माणूस मिळणार नाही होय, असं म्हणून मी बॅग भरली. मुलाला रजा नव्हती. नातीला आजोबांच्या ताब्यात दिलं (कोण कुणाच्या ताब्यात होतं ते परतल्यावर कळलं) आणि निघालो. प्रवासाचं वर्णन करत नाही, मी झोपले होते.

गुरुवार, दादर

दादरला माझी मावसबहीण कुंदा राहते. तिने दारातच एलेनीला जवळ घेतलं, मला "जाड झालीस" म्हणाली आणि थालीपीठ वाढलं. कुंदाला सगळ्या मुंबईची माहिती आहे असं कुंदाचं म्हणणं. "गाण्याचा क्लास ना? आमच्या मागच्या गल्लीत आहे. तिथे सगळं शिकवतात."

खरंच सगळं शिकवत होते. पाटीवर सुगम, शास्त्रीय, पाश्चात्त्य, गिटार आणि खाली झुंबा. आत एक तरतरीत सर बसले होते. मी विचारलं, "बायझंटाईन शिकवता का?"

"बायझंटाईन? आहे ना," सर म्हणाले. पापणीसुद्धा हलली नाही. "मंगळवार-शुक्रवारची बॅच. मॅडमना बेसिक आहे का?"

मी शाळेत तीस वर्षं काढली आहेत. टेबलाखाली कुणाचे हात काय करतायत ते मला चेहऱ्यावरून कळतं. सर मोबाईलवर शोधत होते. मी मुद्दाम स्पेलिंग सांगितलं. तेही निर्लज्जपणे "थँक यू" म्हणाले.

मग त्यांनी कीबोर्डवर चर्चचा आवाज लावला आणि डोळे मिटून काहीतरी असं गायले की शेजारच्या खोलीतला झुंबा थांबला. एलेनी फार सभ्य मुलगी. तिने पर्समधून बाबांची वही काढून दाखवली. त्यात सुरांच्या पाच ओळी वगैरे काही नाही, शब्दांच्या डोक्यावर मुंग्या चालल्यासारखी चिन्हं. सरांनी वही सरळ धरली, मग उलटी धरली. "हे आपण भैरवमध्ये बसवून टाकू," ते म्हणाले. "सर्टिफिकेट मिळेल."

बाहेर आल्यावर आम्ही दोघी पोट धरून हसलो. समोर जाऊन पियुष प्यायलो. तिने दोन ग्लास घेतले आणि म्हणाली, "उद्या शुक्रवार, उपास. आजच पिऊन घेते." दुसरा ग्लास अर्धा झाल्यावर तिचं हसू गेलं.

संध्याकाळी मला सुचलं की गुरुजी कशाला पाहिजेत, मी काय मेले आहे? कुंदाच्या दिवाणखान्यात मी माझा इलेक्ट्रॉनिक तंबोरा काढला. तो माझ्या पर्समध्ये असतोच, दुसऱ्या बायकांच्या पर्समध्ये आरसा असतो तसा. तिचा सूर लावून दिला आणि म्हटलं, "गा."

पहिली ओळ सुंदर गेली. दुसऱ्या ओळीला ती वर चढली आणि तंबोऱ्याशी तिचा सूर असा घासला की माझ्या दाढा शिवशिवल्या. "अगं बाई, षड्ज सुटला!" मी थांबवलं. पुन्हा गायली, पुन्हा तिथेच. "खाली बघ, सा कुठे आहे? त्याला सोडायचं नाही." तिसऱ्यांदा, चौथ्यांदा तेच. पाचव्यांदा ती गायलीच नाही.

"बघा, मला येत नाही," ती म्हणाली आणि वही मिटून पर्समध्ये ठेवली. आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं, काहीच नव्हतं. कुंदाने मला स्वयंपाकघरात बोलावून झापलं. मी म्हटलं, सूर चुकला तर चुकला म्हणायचं नाही का? पण जेवण गेलं नाही मला.

शुक्रवार, गिरगाव आणि चिंचपोकळी

सकाळी एलेनी परत जाऊ म्हणत होती. मी म्हटलं, कुंदाने गिरगावातला एक पत्ता दिलाय, तेवढा बघू. खरं म्हणजे मला रात्रीचं लागलं होतं आणि माफी मागायची सवय नाही, म्हणून हिंडत राहायचं.

गिरगावातल्या त्या गल्लीत लाकडी जिने आणि दारात कुंड्या असलेली जुनी घरं आहेत. एका घरात बेनी सर राहतात. चाळीस वर्षं त्यांच्या चर्चमध्ये गाणाऱ्यांना शिकवलं. बनियनवर होते, आम्हाला बघून आत पळाले आणि टाय लावून आले. त्यांनी वही बघितली, एलेनीला दोन ओळी म्हणायला लावल्या आणि पियानोवर बोटं फिरवून मान हलवली.

"सॉरी, बाळा. हे माझ्या पियानोत नाही. तुझा सूर या पट्टीच्या आणि त्या पट्टीच्या मधे पडतो. मी शिकवतो म्हटलं तर तुझं वाटोळं करीन."

दादरच्या सरांनंतर मला या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. बेनी सरांनी बिस्किटं पुढे केली आणि एकदम कपाळावर हात मारला. "एक माणूस आहे. टीचर नाही हं. वेडाच आहे थोडा. एकदा आमच्या चर्चमध्ये आला. सगळे गातायत आणि हा मागे उभा राहून खालचा एकच सूर लावून बसलाय. सोडेचना! आम्हाला वाटलं पंख्याची मोटर जळली. मी तीन पंखे बंद करायला लावले, मे महिन्यात. शेवटी कळलं, हा. विचारलं तर म्हणे ग्रीसमध्ये शिकलो. धुरी नाव. जहाजावर होता. चिंचपोकळीला राहतो."

एलेनी बिस्कीट हातात घेऊन तशीच बसली होती. "इसोन," ती म्हणाली. "आई, ते इसोन धरत होते."

इसोन म्हणजे काय ते तिने मला टॅक्सीत सांगितलं. एकजण चाल गातो आणि बाकीचे खालून एक सूर धरतात. मी म्हटलं, म्हणजे माणसांचा तंबोरा. ती म्हणाली, "नाही, तसं नाही." कसं ते तिला सांगता येईना आणि मला ऐकून घेता येईना.

चिंचपोकळीला स्टेशनजवळच्या चाळीत तळमजल्यावर लेथ मशीनचं वर्कशॉप होतं. तिथल्या कारागिराला धुरी विचारले. "ग्रीकमामा? तिसरा माळा. जिन्यात आवाज ऐकत जा." खरंच, खालची लेथ ज्या सुरात घुमत होती त्याच सुरात वर कुणीतरी माणूस घुमत होता. लेथ थांबली, माणूस चालूच.

दारात सत्तरीपुढचे, बुटके, रुंद छातीचे गृहस्थ. एलेनीने ग्रीकमध्ये नमस्कार केला. मामांच्या तोंडून ग्रीकचा असा पट्टा सुटला की एलेनी लालबुंद. मी विचारलं, काय म्हणतायत? "आई, फार प्रेमाने बोलतायत. पण निम्म्या शिव्या आहेत." बरोबरच आहे, भाषा इंजिनरूममध्ये शिकलेली.

मामा ग्रीक जहाजावर इंजिनाला तेल देणारे होते. एकदा मालकाने हात वर केले आणि जहाज तिथल्या बंदरात आठ महिने अडकलं. खलाशांना जेवण द्यायचं ते धक्क्याजवळचं चर्च. "फुकट कित्याक जेवायचा?" मामा म्हणाले. "म्हणान मी झाडू मारूक गेलंय. थंयसरच्या म्हाताऱ्या गाणाऱ्यान माझो आवाज ऐकलो आणि बाजूक उभो केल्यान. इंजिनाच्या आवाजात रवान माका एक सूर धरूची सवय होतीच." रोज दोनदा, आठ महिने.

जेवल्याशिवाय मामी सोडेनात. शुक्रवार, एलेनीचा उपास. मांस, मासे, अंडं, दूध, काही चालत नाही. मामी चिंतेत पडल्या. तेवढ्यात मामा म्हणाले, "तिसऱ्यो चलतत गो हेंका." आणि खरंच! यांच्या उपासाला शिंपल्यातलं आणि कोळंबी चालते, पण चमचाभर दही चालत नाही. माझी सून उपास म्हणून समोर बसून तिसऱ्यांचं सुकं आणि सोलकढी चापते आहे, आणि मी, जिला काही उपास नाही, पण शाकाहारी म्हणून डाळभात खाते आहे. धर्म कुठलाही असो, उपास मात्र मालवणी असावा, असं मी मामींना सांगितलं.

हात धुतल्यावर एलेनी त्यांच्यासमोर हात जोडून उभी राहिली. "मला शिकवा."

"शिकवूक माका येणा नाय, चेडवा. माका फक्त धरूक येता. तू गा."

"मला येत नाही."

"गा बघू आधी."

मी मदत म्हणून पर्समधून तंबोरा काढला आणि बटण दाबलं. मामांनी त्याच्याकडे पर्समधून घूस निघाल्यासारखं बघितलं. "ता बंद करा, वैनी."

मग त्यांनी सूर लावला. छातीतून, जमिनीतून आल्यासारखा. एलेनी गायला लागली. दुसरी ओळ आली, कालची तीच जागा. मी श्वास रोखला. तिने मान किंचित वळवली आणि मामांनी खालचा सूर उचलून सरळ वर नेऊन ठेवला. ती चढली तेव्हा जमीन आधीच तिथे पोचलेली होती. कुठे घासलं नाही, कुठे खुपलं नाही. ओळ संपली, मामा खाली आले.

षड्ज हलवला! आमच्यात सा आणि प कधी हलत नाहीत. मी तीस वर्षं पोरींना फळ्यावर लिहून दिलंय. आणि काल रात्री चार वेळा मी या मुलीला चूक म्हटलं ते ती बरोबर होती म्हणून. माझे कान गरम झाले.

"कोणी शिकवल्यान?" मामांनी विचारलं.

"कुणी नाही. बाबा गायचे."

"मगे बरोबरच हा," मामा म्हणाले. "आता खंय गुरुजी शोधतंस? तुका धरणारो व्हयो."

जिन्यात मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "काल माझं चुकलं." आयुष्यात हे वाक्य मी फार थोड्या वेळा बोलले आहे, आमच्या ह्यांना विचारा. ती म्हणाली, "असू दे की, आई."

शनिवार, दादर

त्यांच्या श्राद्धाला गहू लागतात. शिजवायचे, पंच्यावर पसरून सुकवायचे, मग डाळिंबाचे दाणे, बेदाणे, बदाम, दालचिनी घालून ताटात डोंगर करायचा आणि वर पिठीसाखरेचा जाड थर. त्यावर बदामांनी क्रॉस. कुंदा बघतच राहिली. "शैले, हे श्राद्ध आहे का वाढदिवस?" एलेनी म्हणाली, पेरलेला गहू पुन्हा उगवतो, म्हणून गहू. कुंदा स्वतः बदाम सोलायला बसली. मी पंखा लावला आणि अर्धी पिठीसाखर कुंदाच्या सोफ्यावर गेली. तो तपशील इथे गाळते.

दुपारी मामा तालमीला आले. जिना चढून दम लागला होता. पहिली दोन गाणी झाली आणि तिसऱ्याला त्यांना खोकल्याची उबळ आली. सूर तुटला, त्याबरोबर एलेनीही थांबली.

"एकट्याक आता जमणा नाय," मामा म्हणाले. "माझो श्वास संपलो की दुसऱ्यान धरूक व्हयो." आणि माझ्याकडे बघितलं.

मला वाटलं, हे तर माझ्या डाव्या हाताचं काम. सूर लावला आणि सवयीने वर जाताना एक छोटीशी मींड घेतली.

"वैनी, नक्षी नको. भिंत व्हयी."

पुन्हा लावला. शेवटी नकळत एक हेलकावा. "नक्षी!" पुन्हा. "नक्षी!" तासभर मी पहिलीतल्या पोरीसारखा ओरडा खाल्ला. कुंदा दारात उभी राहून तोंडाला पदर लावून हसत होती. संध्याकाळपर्यंत मी भिंत झाले. मामा म्हणाले, "जरा पोपडे आसत, पण चलात."

रविवार, परळ

हॉल साधाच. प्लास्टिकच्या खुर्च्या, एका टेबलावर पांढरी चादर, दोन तसबिरी, वाळूच्या ताटात खोचलेल्या मेणबत्त्या. वीस-बावीस माणसं, निरनिराळ्या देशांतली, नोकरीनिमित्त मुंबईत राहणारी. फादर उंच, दाढी छातीपर्यंत. मामा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, केसांना तेल लावून आले होते. फादरनी एलेनीला विचारलं, "गाणारे कोण?" ती म्हणाली, "मी." आणि आमच्याकडे बोट दाखवून, "हे धरणार." फादरनी आम्हा दोघांकडे नीट बघून घेतलं. एक मालवणी तेलवाले आणि एक नऊवारीतल्या बाई.

एलेनीने गव्हाचं ताट टेबलावर ठेवलं, शेजारी बाबांचा फोटो. मग आमच्या मधे येऊन उभी राहिली. मामांनी सूर लावला, मी त्यात मिसळले.

ती कशी गायली ते मला लिहिता येणार नाही. गाण्याबद्दल मी पुष्कळ बोलते, पण इथे माझी पंचाईत आहे. तिचा आवाज तिच्या वयाचाच नव्हता. मामांचा श्वास संपला की माझा चालू, माझा संपला की त्यांचा. ती मान वळवायची आणि आम्ही दोघं षड्ज उचलून तिच्यापुढे नेऊन ठेवायचो. फादर पहिल्यांदा समोर बघत होते, मग त्यांनी डोळे मिटले.

शेवटी एक लहान प्रार्थना असते, गेलेल्याची आठवण कायम राहो अशा अर्थाची. तीन वेळा म्हणतात. पहिल्यांदा झाली. दुसऱ्यांदा झाली. तिसऱ्यांदा सुरुवात केली, बाबांचं नाव जवळ आलं आणि एलेनीचा आवाज थांबला.

संपलंच. तोंड उघडं, आवाज नाही.

आता माझी अवस्था समजून घ्या. तीन दिवस ऐकून पुढची ओळ मला पाठ होती. ओठांवर आलेली होती. तीस वर्षं हेच केलंय, पोरगी अडकली की ओळ आपण उचलायची, पोरीची लाज राखायची. मी श्वास घेतला. मामांनी समोर बघतच माझं मनगट पकडलं. असं, की दुखलं. आणि त्यांचा सूर चालूच.

मी तोंडातली ओळ गिळली आणि सुरात परत गेले. आम्ही दोघं नुसते धरून उभे. वर काही नाही, खाली तेवढा सूर. मामांना खोकला येत होता, मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या, पण ते सोडेनात. त्यांचा तुटला तेव्हा मी होते, माझा तुटला तेव्हा ते होते. फादर थांबले. सगळे थांबले. कुणीही तिच्याकडे वळून बघितलं नाही.

मग त्याच सुरातून, अगदी बारीक, तिने बाबांचं नाव घेतलं. आणि पुढची ओळ स्वतः गाऊन संपवली.

नंतर सगळ्यांनी कागदी द्रोणांतून ते गोड गहू खाल्ले. मामांनी दोनदा घेतले आणि फादरशी ग्रीकमध्ये असं काही बोलले की फादरना खोकला आला. आम्ही दोघी बाहेर फुटपाथवर येऊन टॅक्सीची वाट बघत उभ्या राहिलो.

"आई, मी थांबले तेव्हा तुम्हाला पुढचं येत होतं ना?"

"येत होतं."

"मग का नाही गायलात?"

मामांनी हात पकडला म्हणून, हे खरं उत्तर. पण तेवढंच खरं नव्हतं. मी म्हटलं, "बाप तुझा होता, बाई."

आणि ती रडली. भर दुपारी, परळच्या रस्त्यावर, माझ्या खांद्यात तोंड खुपसून, हुंदके देऊन, मोठ्याने. माणसं वळून बघायला लागली. भाजीची पिशवी घेतलेली एक बाई आमच्यासमोर येऊन उभी राहिली, एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सून ना तुमची? कशाला रडवताय हो तिला?"

एरवी मी तिथेच तिला सुनावलं असतं.

"वर्षभर थांबली होती हो," मी म्हटलं. "रडू दे."